दुसऱ्या बाळाला अंगावर पाजायचंय, पण पहिल्या वेळी जमलं नव्हतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक सातव्या-आठव्या महिन्यात येतात, आणि बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या रात्री पुन्हा येतात. शक्यतो आठव्या महिन्यातच सगळं एकदा वाचा. रात्री जो शेजारी असणार आहे त्यालाही वाचायला द्या.

१. पहिल्या बाळाला दूध पुरलं नाही. म्हणजे माझ्या अंगात दूधच कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्तनातल्या दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पहिल्या गरोदरपणात वाढतात आणि दुसऱ्या वेळी त्यांची आणखी वाढ होते. इंग्लंडमध्ये त्याच आयांचं दोन्ही बाळंतपणांतलं दूध मोजून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वेळी पहिल्याच आठवड्यात दूध लक्षणीय जास्त होतं, आणि पहिल्या वेळी ज्यांना सगळ्यांत कमी होतं त्यांच्यात ही वाढ सर्वाधिक दिसली. मात्र पहिल्या वेळचं कारण तसंच राहिलं तर या वाढीचा उपयोग होत नाही. म्हणून आधी प्रश्न २ वाचा.

२. चार वर्षं झाली. तेव्हा नेमकं काय बिघडलं ते आता कसं कळणार?

बऱ्यापैकी कळतं. डिस्चार्ज कार्ड आणि मोठ्या बाळाचं लसीकरणाचं कार्ड बाहेर काढा, त्यावर वजनं लिहिलेली असतात. मग हे चार प्रश्न स्वतःला विचारा.

दूध उतरलं कधी? तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून दुखायला लागली होती, तर ग्रंथी नीट काम करत होत्या आणि अडचण पुढे आली: बाळानं स्तन तोंडात धरण्याची पकड चुकली असेल किंवा दोन पाजण्यांतलं अंतर फार पडलं असेल. पाचव्या दिवसापर्यंत छाती मऊच राहिली असेल, तर बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता का, वारेचा तुकडा आत राहिला होता का, थायरॉइड किंवा साखरेचा त्रास होता का हे पाहावं लागतं.

वरचं दूध कुठल्या दिवशी आणि का सुरू झालं? उत्तर "पहिल्याच दिवशी, कारण दूध येत नव्हतं" असं असेल, तर त्या दिवशी दूध येणं अपेक्षितच नव्हतं. तेव्हा फक्त चीक असतो, चमचाभर. बाळाची गरजही तेवढीच असते. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हे कारण सगळ्यांत जास्त दिसतं आणि याचंच सगळ्यांत वाईट वाटतं, कारण ते पूर्ण टाळता आलं असतं.

पाजताना दुखत होतं का? पहिली काही सेकंद सोडून पुढेही दुखत असेल, चिरा पडल्या असतील, तर पकड उथळ होती (प्रश्न ८). उथळ पकडीत बाळ तासभर चोखतं पण पोट भरत नाही, आणि दूध नीट निघत नाही म्हणून ते बनणंही कमी होतं.

आधी पुरत होतं आणि दीड-दोन महिन्यांनी आटलं? तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या होत्या का ते आठवा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होतं. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिननंही होतं. आणि कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास छाती मऊ लागू लागते, बाळ संध्याकाळी किरकिर करतं, आणि घरात सगळे ठरवून मोकळे होतात की दूध गेलं.

ही उत्तरं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. "मागच्या वेळी दूध नव्हतं" एवढ्यावरून त्यांना काहीच करता येत नाही.

३. गरोदरपणात कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर या तपासण्या एरवीही होतात. तुम्ही फक्त त्यांचा दुधाशी संबंध डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर बाळंतपणानंतर डोस बदलावा लागतो, त्याची तारीख आधीच ठरवून घ्या. शिवाय एकदा स्तनांची तपासणी करून घ्या, ती आपणहून क्वचितच होते. स्तनाग्रं आत ओढलेली आहेत का, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का, गरोदरपणात आकार वाढला का, एवढं पाहिलं तरी पुरे. ग्रंथीच कमी असण्याबद्दल प्रश्न १३ मध्ये आहे.

४. माझी स्तनाग्रं आत ओढलेली आहेत. आत्तापासून ओढून बाहेर काढू का?

नको. गरोदरपणात ओढण्या-चोळण्यानं फायदा होत नाही, उलट कातडी दुखावते. बाळ स्तनाग्राला नाही, त्याभोवतीच्या काळपट भागाला धरतं. त्यामुळे बऱ्याच जणींना काही करावंही लागत नाही.

जन्मानंतर पकड बसत नसेल तर सिरिंजची युक्ती वापरा, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना ती चांगली माहीत असते. नवीन, निर्जंतुक २० मिलीची सिरिंज घ्या. सुई लावायचं टोक ब्लेडनं कापून टाका. दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूनं आत घाला, म्हणजे गुळगुळीत बाजू छातीला लागेल. ती बाजू स्तनाग्रावर ठेवून दट्ट्या हळूच ओढा, अर्धा ते एक मिनिट धरा, सोडा आणि लगेच बाळाला लावा. हे प्रत्येक पाजण्याआधी करा. दुखलं तर ओढ कमी करा. कापलेली खरबरीत बाजू छातीला लावली की जखम होते, ही चूक हमखास होते.

५. बाळंतपणाआधीच चीक काढून ठेवावा असं ऐकलंय. ते सुरक्षित आहे का?

काही जणींसाठी आहे, आणि उपयोगी आहे. गरोदरपणात मधुमेह असेल तर जन्मानंतर बाळाची साखर उतरू शकते आणि तिथूनच पावडरचं दूध सुरू होतं. आधी काढलेला चीक त्या वेळी कामी येतो. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या पण बाकी धोका नसलेल्या गरोदर बायांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३६ आठवड्यांनंतर दिवसातून दोनदा हातानं चीक काढण्यानं बाळांना अपाय झालेला दिसला नाही.

आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालं असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा जुळी असतील तर हे करू नका. बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारूनच करावं. ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, दिवसातून दोनदा, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. थेंब १ किंवा २ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. पोट आवळून येऊ लागलं तर लगेच थांबा. काहीच आलं नाही तरी काळजी नको, त्यावरून पुढच्या दुधाचा अंदाज बांधता येत नाही.

६. हॉस्पिटलमध्ये आधीच काय सांगून ठेवावं? या वेळी सिझेरियन ठरलंय आणि सोबत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही.

चार गोष्टी सांगा आणि फाइलवर लिहून घ्या. बाळ ठीक असेल तर पुसून लगेच छातीवर द्यावं. पहिल्या तासात छातीला लावावं. बाळ आईच्याच खोलीत राहावं. आणि वैद्यकीय कारण सांगितल्याशिवाय पावडरचं दूध देऊ नये. केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या 'मां' कार्यक्रमातही पहिल्या तासातलं स्तनपान हाच पाया आहे, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. पावडरचे नमुने आयांना वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे.

सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन होत असेल तर आई जागीच असते. टाके घालत असतानाही कुणीतरी बाळाला आईच्या छातीवर आडवं धरू शकतं. खोलीत आल्यावर बाळ पोटावर न घेता बगलेत घ्या: पाय मागे, डोकं पुढे, कोपराखाली उशी. टाक्यांवर भार येत नाही.

शस्त्रक्रिया सिझेरियनसोबतच होत असेल तर वेगळा प्रश्न येत नाही. साध्या बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवली असेल तर मात्र दूध उतरण्याच्या ऐन वेळी आई काही तास बाळापासून लांब राहते. आत जाण्याच्या अगदी आधी पाजा, थोडं काढून ठेवा आणि नीट शुद्धीवर आलात की लगेच पुन्हा लावा.

७. पहिले तीन दिवस बाळाला पुरतंय हे कशावरून ओळखायचं? मागच्या वेळी इथेच घाबरलो.

रडण्यावरून नाही, आणि छाती पिळून बघूनही नाही. मापं अशी आहेत. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध पोटात जात नाहीये.

वजन सुरुवातीला घटतंच. सात टक्क्यांहून जास्त घटलं तर पकड तपासा आणि पाजण्याच्या वेळा वाढवा, दहा टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर आणि बहुधा पूरक दूध. तीन किलोच्या बाळाचे दहा टक्के म्हणजे ३०० ग्रॅम. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं, त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. वजन प्रत्येक वेळी त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय करा.

दुसऱ्या रात्रीबद्दल आधीच सांगून ठेवतो. ती बहुतेक सगळ्या बाळांची वाईट जाते. बाळ दर अर्ध्या तासानं मागतं, ठेवलं की रडतं. ते भुकेनं व्याकूळ झालेलं नसतं, उद्या-परवाच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. पहिल्या वेळचा पावडरचा डबा बऱ्याच घरांत याच रात्री उघडला गेलेला असतो.

८. चिरा पडून रक्त यायचं. या वेळी पकड नीट कशी बसवायची?

डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घ्या, तळवा त्याच्या मानेखाली आणि खांद्यांमागे. डोक्यामागून दाबू नका, बाळ मागे रेटतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, आणि नाक स्तनाग्रासमोर. तोंड नाही, नाक. स्तनाग्र वरच्या ओठावर हलकेच फिरवा आणि थांबा. जांभईएवढं तोंड उघडलं की त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा, हनुवटी आधी टेकवून. छाती वाकवून बाळाच्या तोंडात घालू नका, तुमची पाठ जाते आणि पकड उथळ बसते.

बरोबर बसली की हनुवटी छातीत रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळपट भाग वरून जास्त दिसतो आणि खालून कमी, गाल फुगलेले, आणि थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज येतो. टिचकी मारल्यासारखा आवाज येत असेल किंवा गालांना खळ्या पडत असतील तर करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. पाच वेळा सोडवावं लागलं तरी सोडवा. दुखतंय ते सहन करत पाजत राहणं हीच मागच्या वेळची चूक होती.

पाजून झाल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं झालेलं दिसलं तर ते टाळूवर घासलं जात होतं. इतकं करूनही तेच होत असेल तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. चिरेवर स्वतःच्या दुधाचा थेंब लावून वाळू द्या. साबण नको.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या वेळी नवीन वाटते: पाजताना ओटीपोटात कळा येतात, पहिल्यापेक्षा जोरात. गर्भाशय आकुंचन पावत असतं. पाजण्याआधी लघवीला जाऊन या, आणि वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर अर्धा तास आधी घ्या.

९. छाती दगडासारखी व्हायची आणि बाळ धरायचंच नाही.

दुधाबरोबर सूजही असते, म्हणून काळपट भाग ताणला जातो आणि बाळाला धरायला काही उरत नाही. लावण्याआधी दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या मुळाशी ठेवून आत छातीच्या दिशेनं मिनिटभर सरळ दाबून धरा. सूज मागे सरते, तो भाग मऊ होतो, मग लावा. दोन पाजण्यांच्या मध्ये थंड ओला कपडा ठेवा. शेकायचंच असेल तर पाजण्याआधी दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको. जोरात मालिश करून गाठी फोडण्याचा प्रकार करू नका, त्यानं सूज वाढते. आराम पडेल इतकंच काढा. पूर्ण रिकामी करत राहिलात तर शरीर आणखी बनवतं. ताप, थंडी आणि एकाच जागी लाल चट्टा असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाजणं मात्र बंद करू नका.

१०. बाळ काचेत ठेवलं किंवा झोपाळूच असलं तर?

मग बाळाचं काम हातानं करायचं. पहिल्या तासात, फार तर सहा तासांच्या आत सुरुवात करा आणि चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढा, रात्री निदान एकदा. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून तीन-चार सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेनं दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आवळा, सोडा. कातडीवर घसरायचं नाही. चीक दाट असतो, पंपाला चिकटून वाया जातो, म्हणून पहिले दोन दिवस हातच बरा. दूध उतरल्यावर पंप घ्या.

आईचं दूध येईपर्यंत दुसऱ्या आईचं दूध मिळतं का तेही विचारा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मानवी दूधपेढी आहे आणि आता इतरही मोठ्या रुग्णालयांत पेढ्या आहेत.

३७ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं भूक लागल्याचं सांगत नाहीत, दर दोन ते तीन तासांनी उठवावं लागतं. लंगोट सोडा, तळवे चोळा, छातीशी उघडं घ्या.

११. वरचं दूध द्यावंच लागलं तर पुन्हा अंगावर येता येतं का?

येतं, तीन गोष्टी पाळल्या तर. आधी छातीला लावा, मग वरचं. माप प्रश्न ७ मधलं, ९० मिलीची बाटली नाही. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाळाला बसतं धरून कड ओठाला लावा, दूध ओतू नका, त्याला चाटून घेऊ द्या. ज्या वेळी वरचं दिलं त्या वेळी हातानं दूध काढाच, नाहीतर शरीराला ती मागणी कळतच नाही.

पावडर डब्यावरच्या मापानंच, बहुतेक डब्यांवर सपाट चमच्याला ३० मिली उकळलेलं पाणी असं असतं. पातळ केलं तर बाळाचं पोषण होत नाही. गाई-म्हशीचं दूध पाणी घालून देऊ नका.

वजन रोज २५-३० ग्रॅम वाढू लागलं की दिवसभराच्या एकूण वरच्या दुधातून ५० मिली कमी करा, दोन-तीन दिवस लंगोट आणि वजन पाहा, मग पुढचे ५०. एका दिवसात डबा बंद करू नका.

१२. सासूबाई मध चाटवणार, गुटी देणार. आणि डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शतावरी यांनी दूध वाढतं का?

मध एक वर्षापर्यंत नाही, सोनं उगाळून त्यातही नाही. मधातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, गुळपाणी, साधं पाणीही सहा महिने नाही. चार थेंबांनी बिघडतं काय असं वाटतं, पण एक दिवसाच्या बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं आणि ती जागा चिकाची आहे. जन्माआधी डॉक्टरांसमोरच हा विषय काढा, सुनेनं सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. बाळाला छातीला लावण्याचा मान सासूबाईंना द्या, त्यांना काहीतरी करायला हवं असतं.

लाडू आणि खीर बाळंतिणीला ताकद देतात, आवडत असतील तर जरूर खा. पण दूध वाढतं ते दूध बाहेर निघण्यानं. मेथीच्या गोळ्या किंवा पावडर मोठ्या प्रमाणात घेतली तर साखर उतरू शकते. मधुमेह, थायरॉइड किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर विचारून घ्या. शतावरी कल्पात साखर बरीच असते. डोम्पेरिडोन (दूध वाढवायला कधी कधी दिली जाणारी गोळी) स्वतःहून कधीच घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

१३. पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकांच्या बिघाडाचा त्रास) आहे, गरोदरपणात छाती अजिबात वाढली नाही. मलाही जमेल?

पीसीओएस असलेल्या अनेक जणींना पूर्ण दूध येतं. पण दोन्ही स्तनांमध्ये चार सेंटीमीटरहून जास्त अंतर, नळीसारखा आकार आणि दोन्ही गरोदरपणांत काहीच वाढ नाही, हे सगळं एकत्र असेल तर ग्रंथीच कमी असण्याची शक्यता असते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्यांतही नळ्या कापल्या गेलेल्या असू शकतात. अशा वेळी प्रयत्नात कमी पडलात असं अजिबात नाही.

पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी वजन आणि गरज दिसताच पूरक दूध, असं आधीच ठरवा. पूरक दूध छातीवरच देता येतं. बारीक फीडिंग ट्यूबचं एक टोक दुधाच्या वाटीत आणि दुसरं बोंडाशी चिकटपट्टीनं लावायचं. वाटी वर धरली की दूध भरभर येतं, खाली धरली की हळू. निम्मं दूध अंगावरचं असलं तरी ते बाळाच्या उपयोगाचं आहे.

१४. मोठं मूल अजून पितंय. सोडवावं का?

गरोदरपण सुरळीत असेल तर सक्ती नाही. वेळेपूर्वी कळांचा इतिहास किंवा रक्तस्राव असेल तर डॉक्टर थांबवायला सांगतील. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होतं आणि चव बदलते, बरीच मुलं तेव्हा स्वतःच सोडतात. जन्मानंतर पहिले दिवस आधी तान्ह्याला, मग मोठ्याला.

१५. औषधं चालू असतील, क्षय किंवा एचआयव्ही असेल तर?

क्षयाच्या उपचारातही पाजता येतं. मास्क, बाळाची तपासणी आणि औषध डॉक्टर सांगतील. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मताच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देऊन पाजतात. एचआयव्हीत आईनं औषधं नियमित घेणं सगळ्यांत महत्त्वाचं. सल्ला एआरटी केंद्राचाच (एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र) घ्या, आणि अंगावरचं व वरचं असं मिसळून स्वतःच्या मनानं देऊ नका. कर्करोगाची केमोथेरपी चालू असेल तर पाजायचं नाही. बाकी बहुतेक रोजच्या औषधांना सुरक्षित पर्याय असतो. "औषध घेते म्हणून दूध बंद" असं कुणी म्हटलं तर पर्याय विचारा.

१६. नोकरीवर परत जायचंय. मागच्या वेळी तिथेच सुटलं.

दुसऱ्या मुलासाठीही २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असायला हवं. कामावर जाण्याआधी दोन आठवडे दूध काढायचा सराव करा. काढलेलं दूध बाहेर चार तास, वैशाखात त्याहून कमी. फ्रिजमध्ये आतल्या कप्प्यात २४ तास, दारात नाही. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर नको. दिवसभरात तीन तासांहून जास्त खंड पडू देऊ नका.

१७. पान्हा फुटताना अचानक खूप उदास वाटायचं. कुणाला सांगितलंच नाही.

हे खरं असतं आणि याला शारीरिक कारण आहे. पान्हा फुटण्याच्या क्षणी मेंदूतलं डोपामिन हे रसायन एकदम खाली येतं, काही जणींना त्या एक-दोन मिनिटांत पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं आणि मग ते जातं. बाळ नकोसं असल्याचं हे लक्षण नाही. त्या वेळी पाणी प्या, कुणाशी बोला, लक्ष दुसरीकडे न्या. बऱ्याच जणींचं काही महिन्यांत कमी होतं.

उदासी दिवसभर राहत असेल, दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल किंवा बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर उपचार आहेत, पाजणं चालू ठेवूनही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखान्यात जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येतं.